बाई सेज, स्टँड अप

पैज लागली ती नळावर, आणि नळाला पाणी आलेलं नव्हतं म्हणून लागली. पाणी वेळेवर आलं असतं तर महेश टेम्पो धुवून मोकळा झाला असता, आशाबाई हंडा भरून घरी गेल्या असत्या आणि पुढचं सगळं टळलं असतं.

पण नळ नुसता फुसफुसत होता. नाशिक शहर जिथं संपतं आणि दिंडोरी रोडच्या कडेनं द्राक्षाच्या बागा सुरू होतात, तिथली ही गल्ली. पाणी कधी येईल हे नळालाही माहीत नसायचं. बायका हंडे पालथे घालून बसल्या होत्या. महेश बादलीवर बसला होता, आणि रिकामा बसलेला महेश म्हणजे गल्लीला धोका, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाच्या सायकलची हवा सोड, कुणाच्या दारावर 'घर भाड्याने देणे आहे' अशी पाटी लाव, असले त्याचे उद्योग.

त्यानं सहज सांगितल्यासारखं सांगितलं, की त्याची वैष्णवी आता जिल्हा परिषदेच्या शाळेत फार दिवस राहणार नाही. दिवाळी झाली की तिला इंग्लिश मिडीयमला घालायची. तिथं दारात व्हॅन येते, टाय असतो, काळे बूट असतात.

आशाबाई त्याच शाळेत शिकवायच्या. वैष्णवी त्यांच्याच पहिलीच्या वर्गात होती. पण प्रश्न एकट्या वैष्णवीचा नव्हता. महेश शाळेच्या पालक संघाचा अध्यक्ष होता. दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून झाला होता, पण होता. त्यानं पोरगी काढली की अख्खी गल्ली पोरं काढणार, पोरं गेली की पहिलीचा वर्ग दुसरीला जोडणार, आणि वर्ग जोडला की आशाबाई जादा ठरून सुरगाण्याच्या पलीकडच्या कुठल्यातरी पाड्यावर. नवरा नाशकात, मुलगा दहावीत आणि त्या तिकडं डोंगरात.

"महेशभाऊ, या वर्षीपासून सरकारनं आमच्याकडंही पहिलीपासून इंग्रजी आणलंय," बाई म्हणाल्या.

"ऐकलं ना. पण बाई, तुमच्या वर्गातल्या पोरांना अजून स्वतःचं नाक पुसता येईना. ती काय इंग्रजी झाडणार?"

"दिवाळीपर्यंत बोलतील."

"लावता पैज?"

आशाबाई शांत स्वभावाच्या. आयुष्यात त्यांनी कधी पत्त्यांनाही हात लावला नव्हता. पण समोर सुरगाणा दिसत होता. "लावते," त्या म्हणाल्या, आणि बसलेल्या सगळ्या बायका एकदम सरळ झाल्या.

दिवाळीच्या सुट्टीआधी तपासणीचे साहेब शाळेत येतात. त्यांच्यापुढं पोरांना इंग्रजी आलं तर बाई जिंकल्या आणि वैष्णवी त्याच शाळेत. नाही आलं तर व्हॅन. आणि जो हरेल त्यानं चौकात सगळ्यांसमोर टेम्पोच्या हौद्यात उभं राहायचं आणि पोरं इंग्रजीत जे सांगतील ते निमूट करायचं. ही शेवटची अट महेशची. सगळ्यांना ती फार आवडली. तिचा नीट विचार कुणीतरी केलाही असता, पण तेवढ्यात नळाला पाणी आलं.

आशाबाईंचं नुकतंच इंग्रजीचं प्रशिक्षण झालं होतं. तिथं पोक्त पोक्त मास्तरांना गोल उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. लहान मुलांना इंग्रजी पुस्तकातनं नाही, खेळातनं शिकवायचं. त्यातला एक खेळ बाईंना पटला होता. हुकूम इंग्रजीत सोडायचे. हुकमाच्या आधी 'सायमन सेज', म्हणजे सायमन सांगतो, असं म्हटलं तर मुलांनी तसं करायचं, आणि नुसताच हुकूम सोडला तर जागचं हलायचं नाही. जो हलेल तो आऊट.

पहिल्या दिवशी गोंधळच झाला. सायमन कोण, हेच पोरांना कळेना. वैष्णवीनं बोट वर करून विचारलं, की सायमन म्हणजे बाईंचे मिस्टर का. एकाला वाटलं सायमन नवीन शिपाई आहे, तो मधल्या सुट्टीत खिचडीच्या डब्यामागं त्याला शोधून आला. बाईंनी रात्रभर विचार केला आणि दुसऱ्या दिवशी सायमनला रजा दिली. त्या जागी घातलं, 'बाई सेज'.

इथंच सगळं बिघडलं. सायमन हा माणूस कुणी पाहिलेला नव्हता, त्याचं ऐकणं न ऐकणं हा खेळच राहिला असता. पण बाई? पहिलीच्या पोराला बाईंपुढं आई नाही, बाप नाही आणि देवही जरा बाजूलाच असतो. आईनं दहादा सांगितलं की सहा असा काढत नाहीत, तरी पोरगं म्हणतं, आमच्या बाईंनी असाच सांगितलाय. विषय संपला. तेव्हा बाईंनीच जर सांगितलं, की 'बाई सेज' म्हटल्याशिवाय कुणाचं काही ऐकायचं नाही, तर पोरांनी ते शाळेपुरतं ठेवावं कशाला?

आठवड्याभरात गल्लीतल्या पोरांनी ऐकणं सोडलं.

पहिला फटका बसला महेशच्या आईला. बायडाबाई सकाळी नातीला उठवायला गेल्या. वैष्णवी टक्क जागी होती, पण गादीवरनं हलेना. बायडाबाईंनी हाका मारल्या, पाय ओढले, पाणी शिंपडलं. पोरगी गालातल्या गालात हसत पडून.

"आजी, बाई सेज म्हण."

"आं?"

"बाई सेज, वेक अप. असं म्हण, मग उठते."

बायडाबाईंना वाटलं पोरीला बाहेरचं काहीतरी झालं. त्यांनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. पण शाळेची वेळ होत आली तेव्हा दारात कुणी नाही असं बघून त्या हळूच म्हणाल्या, "बाई शेज, येकप." वैष्णवी टुणकन उठली. बायडाबाई दचकून भिंतीला टेकल्या. साठ वर्षांत त्यांचं इतकं झटपट कुणी ऐकलं नव्हतं.

दोन दिवसांत घरोघरी हेच. शेजारच्या कलाबाईंचा पोरगा ताटासमोर हाताची घडी घालून बसला, 'बाई सेज ईट' म्हटल्याशिवाय घास उचलेना. कलाबाई चिडल्या, त्यांनी पाठीत धपाटा घातला. पोरगं रडलं, पण रडतानाही हाताची घडी सोडली नाही. वर बापाला सांगितलं, की मी आऊट नाही झालो.

महेश टेम्पोच्या टपावर बसून हे सगळं बघत होता आणि त्याला उकळ्या फुटत होत्या. असली चावी हातात आल्यावर तो गप्प बसेल कसा? एका संध्याकाळी पोरं गल्लीत दंगा करत होती. महेश भाजी भरलेला टेम्पो घेऊन मार्केट यार्डाला निघाला होता. जाता जाता खिडकीतनं डोकं काढून तो एवढंच म्हणाला, "बाई सेज, स्टॉप," आणि गेला.

गल्ली थिजली.

कुणी एका पायावर, कुणी तोंड उघडं टाकून, कुणी दुसऱ्याच्या डोक्यात मारायला चप्पल उगारलेली तसाच. ज्याला चप्पल बसणार होती तोही तिथंच, डोळे मिटून. भाजीची गाडी आली, तिला जागा मिळेना. आया बाहेर आल्या, हाका मारल्या, आमिषं दाखवली, पोरं फक्त डोळे फिरवत होती. आशाबाई मीटिंगला शहरात गेलेल्या. सोडवायचा शब्द काय, हे कुणालाच माहीत नाही. कलाबाईंनी "बाई सेज चालू" म्हणून पाहिलं, पण ते इंग्रजीत नव्हतं. त्यांच्या पोराला लघवीला लागली होती हे त्याच्या चेहऱ्यावरनं सगळ्या गल्लीला कळत होतं, पण तो पठ्ठ्या उभाच.

शेवटी बायडाबाई पदर खोचून पुढं झाल्या. त्यांच्याकडं आता शब्दांचा थोडा साठा होता. पण त्यातला नेमका कुठला शब्द कशाला लागतो, हे त्यांचं पक्कं नव्हतं. शाळेला उशीर झाला की वैष्णवीला जे म्हणायच्या, ते त्यांनी जोरात म्हटलं, "बाई शेज, रन."

पोरं सुटली. पण ती नुसती सुटली नाहीत, पळाली. गल्लीतनं चौकात, चौकातनं रस्त्याच्या कडेनं, तिथनं थेट पाटलांच्या द्राक्षबागेत. पळा म्हटलंय, थांबा कुणी म्हटलेलं नाही. मागं आया, आयांच्या मागं भाजीवाला. बागेत नुकतंच पाणी सोडलेलं, पोरं चिखलात घोट्यापर्यंत. दम लागलेल्या कलाबाईंना मघाचा महेशचा शब्द आठवला आणि त्यांनी आरोळी ठोकली, "बाई सेज, स्टॉप."

पोरं पुन्हा पुतळे झाली, आता चिखलात. तिथनं ती कशी आणली म्हणाल, तर धुणं आणतात तशी. एकेक काखेत मारून. काहींचे हात अजून वर होते.

आशाबाई बसमधनं उतरल्या, त्या या मिरवणुकीसमोरच. त्यांनी "ओके, गेम ओव्हर" म्हटलं, आणि सगळी पोरं एकदम मऊ पडून मुकाट घरी गेली. आयांनी बाईंना तिथंच घेरलं. भांडण चांगलं तासभर चाललं असतं, पण बायडाबाईंनी मुद्द्याचं काढलं. खेळ बंद करा म्हणून काय उपेग? पोरं ऐकत्यातच की, फक्त शब्द पाहिजेत. "नाक शिंकर याला काय म्हणतात, तेवढं सांगा. आन डोक्याला तेल लावू दे, याला."

तेव्हापासून रोज संध्याकाळी बाईंच्या ओट्यावर आया जमायला लागल्या. वॉश युअर फेस, कम हिअर, डोंट फाइट, गो टू स्लीप. बायका घोकत घोकत घरी जायच्या आणि वाटेत विसरायच्या, मग दारात बसलेलं पोरगंच त्यांना आठवण करून द्यायचं, की आई, आता मला काय म्हणणार आहेस. आशाबाईंना आशा वाटायला लागली. पोरं समजतात, पोरं बोलतात. साहेब येऊ देत.

साहेब आले. भारी गृहस्थ, खिशाला दोन पेनं. महेश पालक संघाचा अध्यक्ष म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या बाकावर बसला होता. त्याची नवी अट अशी की बाईंनी मध्ये तोंड उघडायचं नाही. बाई फळ्याजवळ उभ्या राहिल्या.

साहेब प्रसन्न आवाजात म्हणाले, "गुड मॉर्निंग, चिल्ड्रेन. स्टँड अप."

कुणी हललं नाही.

साहेबांना वाटलं ऐकू गेलं नसेल. ते पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं. पोरं ताठ बसून. आणि नुसती बसून नाही, बाईंकडं बघून हसत, डोळे मिचकावत. बघा बाई, आम्ही फसलो का? एवढा मोठा साहेब आलाय फसवायला, पण आम्ही हललो का?

"टच युअर नोज," साहेब म्हणाले आणि स्वतःच्या नाकाला बोट लावून दाखवलं.

पहिल्या रांगेत झिपरू होता, आजोबांचं नाव ठेवलेला, जरा भोळा. त्याचा हात आपोआप वर गेला आणि नाकाला टेकला. त्याबरोबर अख्खा वर्ग ओरडला, "आऊट." दोघांनी उठून झिपरूला दंडाला धरलं आणि दाराबाहेर नेऊन उभं केलं. झिपरू रडायला लागला.

साहेबांचं बोट अजून नाकावरच होतं. "याला बाहेर का काढलं?"

"त्यानं तुमचं ऐकलं म्हणून," वैष्णवी म्हणाली.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. वर्ग तोच होता. आशाबाईंना राहवलं नाही. अट गेली खड्ड्यात. त्या म्हणाल्या, की सर, तो आमचा खेळ आहे. माझं नाव घेतल्याशिवाय मुलं काही करत नाहीत. तुम्ही फक्त आधी 'बाई सेज' म्हणा.

"मी?" साहेब म्हणाले. "बाई, तपासणीला मी आलोय. मी तुमच्या नावानं हुकूम सोडू?"

मागच्या बाकावर महेशनं रुमाल तोंडात कोंबला होता. त्याचे खांदे हलत होते.

साहेबांनी आणखी एक प्रयत्न केला. ते चिडून म्हणाले, "सिट डाऊन." पोरं बसलेलीच होती, पण साहेबांनी सांगितल्यावर बसून राहणं म्हणजे ऐकणं का, यावर त्यांच्यात कुजबुज झाली. धोका नको म्हणून तिघंचौघं उभी राहिली. साहेबांनी शेरा लिहिला, 'मुले सूचनांच्या नेमके उलट वागतात', आणि चहा न घेता स्कूटरला किक मारली.

महेशनं गल्लीत पेढे वाटले. व्हॅनवाल्याला सांगून ठेवलं, की सुट्टी संपली की पहिल्याच दिवशी दारात ये. कलाबाईंनीही व्हॅनमध्ये जागा आहे का म्हणून विचारून ठेवलं. इंग्रजी येऊन उपयोग काय, साहेबापुढं तोंडघशी पडली ना पोरं. आशाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. सुरगाण्याला जाणारी बस किती वाजता असते ते त्यांनी नवऱ्याला विचारलं.

पण पैज ती पैज. सुट्टीच्या पहिल्या रविवारी, बाजारच्या दिवशी, चौकात महेशनं टेम्पो आडवा लावला, हौद्याची फळी खाली पाडली आणि वर सतरंजी अंथरली. भाजीवाले, गिऱ्हाइकं, अख्खी गल्ली जमली. व्हॅनवालाही आला. आशाबाई इस्त्रीची साडी नेसून हौद्यात चढून उभ्या राहिल्या. मान खाली. आपण हे करतोय ते बरं नाही, असं मोठ्या माणसांतल्या काहींना वाटलंही, पण जागा सोडून कुणी गेलं नाही.

"हां, सोडा रे हुकूम," महेश पोरांना म्हणाला. "इंग्रजीत. बाईंना करावंच लागेल."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. आजपर्यंत बाई सांगायच्या आणि आपण करायचो. आता उलटं? मग वैष्णवी पुढं आली आणि घाबरत घाबरत म्हणाली, "जंप."

बाई हलल्या नाहीत.

"बघा, बाई ऐकेनात," महेश म्हणाला. पण पोरांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. बाई खेळताहेत. वैष्णवीनं घसा साफ केला. "बाई सेज, जंप."

बाईंनी उडी मारली. हौदा दणाणला, आणि पोरांचा बांध फुटला. बाई सेज, टर्न अराउंड. बाई सेज, टच युअर इअर. झिपरू टाचा उंचावून ओरडला, "बाई सेज, क्लॅप युअर हँड्स." मग जे शाळेत नव्हे तर घरी शिकले होते तेही आलं. वॉश युअर फेस, ओपन युअर माउथ, डोंट फाइट विथ युअर ब्रदर. बाई हात हलवून तोंड धुतल्याचं करत होत्या, पोरं हसून लोळत होती, आणि खाली उभ्या असलेल्या आयांचे हात सवयीनं आपोआप कानाला, नाकाला जात होते. कलाबाईंनी तर टाळ्याही वाजवल्या.

महेश टेम्पोच्या चाकाला टेकून पोट धरून हसत होता. बायडाबाई पुढच्या रांगेत मांडी घालून बसल्या होत्या. त्या मात्र हसत नव्हत्या. त्यांच्या कपाळाला आठी पडली होती.

"म्हेशा," त्या म्हणाल्या, "बाई कशापायी हरल्या रं?"

"पोरांना इंग्रजी येत नाही म्हणून."

"मंग ही मघापासनं काय बोलून राह्यलीत?"

महेश चाकापासून सरळ झाला. आजूबाजूचं हसणं एकेक करून थांबलं. लोक पोरांकडं बघायला लागले, मग बाईंकडं, मग महेशकडं. महेश म्हणाला, की साहेबांसमोर नाही आलं, पैज साहेबांसमोरची होती. कलाबाई म्हणाल्या, साहेबाला खेळ येत नव्हता, त्याला पोरं काय करतील. भाजीवाल्याचं म्हणणं, त्या दिवशी एका शब्दावर पोरं बागेत पळाली तेव्हाच त्याला समजलं होतं, की त्यांना इंग्रजी येतं. महेशनं आणखी दोन मुद्दे काढले, पण ते काढताना तो आपल्याच टेम्पोभोवती मागं मागं सरकत होता, हे सगळ्यांनी पाहिलं.

आशाबाई हौद्यातनं खाली उतरल्या, पदरानं घाम पुसला आणि एका बाजूला झाल्या. हौदा रिकामा झाला.

महेश वर चढला. चढताना त्यानं एकदा पोरीकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत असा आनंद होता, की त्याला पुढचं सगळं कळून चुकलं.

पोरांनी त्याला उड्या मारायला लावल्या, गरागरा फिरवलं, कान धरायला लावले, तोंड उघडायला लावलं, ओपन युअर माउथ म्हणून बराच वेळ तसंच ठेवलं. महेशचं पोट सुटलेलं होतं. त्याचा शर्ट पाठीला चिकटला. व्हॅनवाला गर्दीतनं पुढं येऊन हौद्याला टेकला आणि अदबीनं विचारू लागला, की शेठ, सुट्टी संपल्यावर मग गाडी पाठवू ना. महेश एका पायावर लंगडी घालत होता. तो लंगडी घालतच म्हणाला, "नको." कलाबाईंनीही मागनं हात हलवून नको म्हटलं. आशाबाईंनी ते ऐकलं, आणि जवळच्या कट्ट्यावर त्या पहिल्यांदाच टेकल्या.

आता पुरे झालं असतं. महेशला दम लागला होता, पोरांचं इंग्रजीही संपत आलं होतं. वैष्णवीला बापाची दया आली. ती मऊ आवाजात म्हणाली, "पप्पा, सिट डाऊन."

महेश आई गं करत मटकन खाली बसला.

"आऊट," पोरं ओरडली. वैष्णवी हौद्यात चढली, तिनं बापाचा दंड धरून त्याला उठवलं, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.